लघुरेल्वे (छंद)

लघुरेल्वे हा खऱ्या रेल्वेच्या गाड्या, लोहमार्ग, स्थानके आणि परिसर यांच्या ठरावीक प्रमाणातील चालत्या प्रतिकृती तयार करण्याचा, जमविण्याचा व चालविण्याचा छंद आहे. उद्यानांतील मुलांना बसवून नेणारी छोटी गाडी, उदाहरणार्थ पुण्याच्या पेशवे उद्यानात १९५६ साली सुरू झालेली फुलराणी, ही या छंदाहून वेगळी गोष्ट होय. खेळण्यातील आगगाडी आणि लघुरेल्वे यांतील मुख्य भेद प्रमाणबद्धतेचा आहे. खेळण्यात डबा डब्यासारखा दिसला की पुरते. लघुरेल्वेत डबा, फलाट, सिग्नल आणि फलाटावरील माणूस ही सर्व एकाच प्रमाणात लहान झालेली असावी लागतात.

प्रमाण आणि गेज

जर्मनीतील मेर्कलिन या खेळणी-उत्पादकाने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत किल्लीवर चालणारी आगगाडी मांडली. तिच्यासोबत रुळांची निश्चित मापे ठरवून दिल्याने पुढे घेतलेले रूळ व डबे आधीच्या संचाला जोडता येऊ लागले. या छंदाची वाढ येथून सुरू झाली.

आज जगात सर्वाधिक प्रचलित असलेले प्रमाण 'एचओ' हे आहे. त्यात मूळ वस्तूचा सत्त्याऐंशीवा भाग (१:८७) घेतला जातो आणि दोन रुळांतील अंतर, म्हणजे गेज, १६.५ मिलिमीटर असते. 'एन' प्रमाणात (१:१६०) हे अंतर ९ मिलिमीटर, तर मेर्कलिनने १९७२ साली आणलेल्या 'झेड' प्रमाणात (१:२२०) केवळ ६.५ मिलिमीटर असते.

भारतीय ब्रॉडगेजचा प्रश्न

१६.५ ला ८७ ने गुणले असता सुमारे १,४३५ मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेतील बहुतेक लोहमार्गांची रुंदी तीच आहे. भारतातील ब्रॉडगेज मात्र १,६७६ मिलिमीटर रुंद असून एचओ प्रमाणात तो सुमारे १९.३ मिलिमीटर व्हायला हवा. तयार रूळ वापरल्यास भारतीय गाडीखालचा मार्ग जवळजवळ ३ मिलिमीटरने अरुंद पडतो.

यावर तीन मार्ग आहेत. पहिला, हा फरक मान्य करून तयार रूळ वापरणे. बाजूने पाहताना तो फारसा जाणवत नाही. दुसरा, १९.३ मिलिमीटरचे रूळ स्वतः घालणे व चाकांचे आस त्यानुसार बदलणे; यात अचूकता साधते, परंतु अशी गाडी इतरांच्या मांडणीवर धावू शकत नाही. तिसरा, रूळ तेच ठेवून गाडी सुमारे १:१०२ प्रमाणात बांधणे. मग बाजारात मिळणारी माणसे, वाहने व इमारती गाडीच्या मानाने मोठ्या दिसतात. अचूकता हवी की इतरांसोबत गाडी चालविता यावी, याचा निर्णय भारतीय छंदिष्टाला पहिला रूळ घालण्यापूर्वीच करावा लागतो.

अरुंद मार्गांच्या बाबतीत ही अडचण कमी होते. १८९७ साली सुरू झालेल्या बार्शी लाइट रेल्वेची रुंदी ७६२ मिलिमीटर होती. एचओ प्रमाणात ती सुमारे ८.८ मिलिमीटर होत असल्याने एन प्रमाणाचे ९ मिलिमीटरचे तयार रूळ तिला जवळजवळ नेमके लागू पडतात.

जागा आणि मांडणी

प्रमाण ठरल्यावर प्रश्न येतो जागेचा. खंडाळा-पुणे लोहमार्ग १८५८ साली सुरू झाला व त्याच मार्गावर आज पिंपरी आणि चिंचवड ही स्थानके आहेत. पवनेपलीकडे रहाटणीत राहणाऱ्या एखाद्या छंदिष्टाने या मार्गावरील एक्सप्रेस गाडी घरात उभारायचे ठरविल्यास काय होईल? सुमारे २४ मीटर लांबीचा डबा एचओ प्रमाणात साडेसत्तावीस सेंटिमीटरचा होतो आणि २४ डब्यांची गाडी साडेसहा मीटरांहून लांब भरते. सदनिकेतील खोलीत ती सरळ उभीही राहणार नाही. एन प्रमाणातही तिला सुमारे ३.६ मीटर लागतात.

त्यामुळे लांबी आटोपशीर करणे हा या छंदाचा मान्य संकेत आहे. चोवीसऐवजी सात-आठ डबे जोडले जातात, फलाट आखूड केला जातो. मात्र पादचारी पूल, फाटक, पाण्याची टाकी यांसारख्या ओळखीच्या खुणा जपल्या जातात. डब्याची लांबी मात्र सहसा कमी केली जात नाही, कारण ती बिघडली की प्रमाणच बिघडते. पाया प्लायवुडचा, डोंगर थर्मोकोल व कागदाच्या लगद्याचे आणि गवत रंगविलेल्या लाकडी भुशाचे करता येते.

चलन आणि नियंत्रण

जुन्या पद्धतीत दोन रुळांतून सुमारे १२ व्होल्टचा एकदिश विद्युत्प्रवाह सोडतात. दाब वाढविला की वेग वाढतो आणि प्रवाहाची दिशा उलटविली की गाडी उलट धावते. यात एका विद्युत-विभागातील सर्व इंजिने एकाच वेळी हलतात. अंकीय पद्धतीत प्रत्येक इंजिनात स्वतंत्र क्रमांकाची चकती बसवून रुळांतूनच संदेश दिला जातो, त्यामुळे एकाच मार्गावर अनेक गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालविता येतात. तारांना डाख देणे, सांधे जुळविणे, रूळ पुसून स्वच्छ ठेवणे ही नित्याची कामे होत.

छंदिष्टांचा समुदाय

मापांचे एकमत हा या समुदायाचा पाया आहे. अमेरिकेत १९३५ साली स्थापन झालेली नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन आणि युरोपातील १९५४ सालचा मोरोप हा महासंघ यांनी चाके, रूळ व जोडण्या यांची मानके ठरविली. त्यामुळे अनेकांनी घरी बांधलेले तुकडे एका सभागृहात जोडून त्यांवर सलग गाडी चालविता येते. भारतात १९८९ साली सुरू झालेल्या इंडियन रेल्वेज फॅन क्लबमध्ये रेल्वेचा इतिहास व छायाचित्रण यांसोबत प्रतिकृतींचीही माहिती देवघेव होते.

पुण्यातील संग्रहालय

पुण्यात कोथरूड येथे भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. वैयक्तिक छंदातून निर्माण झालेल्या या लघुनगरीत वाफेच्या इंजिनाची गाडी, वेगवान गाड्या, डोंगरी रेल्वे, उड्डाणपूल, सिग्नल, सर्कस आणि दिव्यांनी उजळलेले रात्रीचे दृश्य पाहावयास मिळते.

ऐतिहासिक महत्त्व

लघुरेल्वेतून बंद पडलेल्या रेल्वेचे स्मरणही टिकते. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटात ३७ फुटांस एक फूट असा चढ आहे. मुंबई-पुणे मार्गावरील जुनी एकदिश विद्युत्प्रणाली आता राहिलेली नाही. तिच्यावर मालगाड्या ओढणारे, 'खेकडा' या नावाने ओळखले जाणारे इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात उभे आहे. असे इंजिन तेथे स्थिर अवस्थेत पाहता येते. त्याला गाडी जोडून ते घाट चढताना पाहावयाचे असल्यास प्रतिकृती हाच मार्ग उरतो. ती बांधण्यासाठी मोजमापे, रंगसंगती आणि स्थानकांची जुनी छायाचित्रे गोळा करावी लागतात व या निमित्ताने स्थानिक रेल्वेची माहिती संकलित होते.