दुहेरी खिडक्या व वॉर्डातील शांतता

रस्त्याकडील वॉर्डांच्या खिडक्यांना आतील बाजूने दुसरी खिडकी बसविण्याचा पहिला टप्पा पूर्ण झाला आहे. तरीही हॉर्नचा आवाज येतो, असे काही नातेवाइकांनी अभिप्राय वहीत नमूद केले. अधिक जाड काचेसाठी देणगी देण्याची तयारीही काही हितचिंतकांनी दर्शविली. प्रस्तुत लेखक वाणिज्य शाखेचा. तथापि देणगीचा रुपया कोठे खर्चावा, हे ठरविण्यासाठी हा विषय समजून घेणे क्रमप्राप्त होते.

केंद्र शासनाच्या २००० सालच्या नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० व रात्री ४० डेसिबल ही मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रात्री वॉर्डाच्या आत ३० डेसिबलची शिफारस केली. आपल्या फाटकाबाहेर तसा फलक आहे. वाहनचालक तो वाचतातच असे नाही.

दुहेरी खिडकीचे खरे बळ दोन तावदानांमधील अंतरात असते. बाजारात मिळणाऱ्या बंदिस्त दुहेरी काचेत हे अंतर बहुधा १२ मिलिमीटरच्या आसपास असते. ती मुख्यत्वे उष्णता अडविते. ट्रकच्या खर्जातील घरघरीपुढे तिचा फारसा निभाव लागत नाही. त्यासाठी १०० ते २०० मिलिमीटर अंतर हवे. आपल्या जुन्या इमारतीच्या जाड भिंतींत ते सहज मिळते, ही पूर्वसूरींची कृपाच म्हणावयाची. दोन्ही काचा सारख्या जाडीच्या नसाव्यात, म्हणजे एकीतून सुटणारा स्वर दुसरी अडविते. मधल्या पोकळीच्या कडांना ध्वनी शोषणारे अस्तर लावल्यास आणखी लाभ होतो.

परंतु सर्वाधिक आवाज शिरतो तो फटींतून. खिडकीच्या क्षेत्रफळाचा शंभरावा हिस्सा जरी उघडा राहिला, तरी काच कितीही जाड असो, आवाजातील घट सुमारे २० डेसिबलपुढे जात नाही. सरकत्या खिडकीच्या रुळांत अशी फट राहतेच. म्हणून जाड काचेऐवजी बिजागरीचे पल्ले, त्यांना दाबून बसणारी रबरी पट्टी, घट्ट कडी आणि चौकट व भिंत यांमधील सांध्यांत लवचिक सीलंट, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे ठेवला आहे. त्याचा खर्चही काच बदलण्याहून कमी आहे.

एक अडचण मात्र उरते. खिडक्या बंद म्हणजे वाराही बंद, आणि क्षयरोग्यांच्या कक्षात ते मुळीच चालणार नाही. तेथील खिडक्या उघड्याच राहतील. इतर वॉर्डांत अंगणाच्या बाजूने, आवाज शोषणाऱ्या अस्तराच्या वाहिनीतून ताजी हवा खेळविण्याची योजना आहे. हितचिंतकांनी आपली देणगी काचेऐवजी या वाहिनीकडे वळवावी, अशी नम्र विनंती आहे.