सामाईक जिना

सदनिकेच्या दारावर आपण हौसेने नावाची पाटी लावतो, परंतु दाराबाहेरचा जिना कोणाचा, असे कोणी विचारले तर उत्तर येते, "सोसायटीचा!" जणू सोसायटी म्हणजे कोणी परका गृहस्थ.

श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने १९१५ साली मुंबईत गावदेवी येथे सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. सहकारी संस्थेत राहणारेच एकत्रितपणे मालक होतात. घरमालक गेला, त्याबरोबर छप्पर गळू लागल्यावर बोट दाखवण्याची जागाही गेली.

आज अनेक संस्था पगारी व्यवस्थापक नेमतात. पाण्याचा पंप, लिफ्ट, पहारा, झाडलोट, मासिक बिले ही कामे जाणता माणूस पाहू लागला, तर ते इष्टच आहे. मात्र व्यवस्थापक हा कारभारी आहे, धनी नव्हे. समिती निवडणे आणि वर्गणी ठरवणे, हे अधिकार सर्वसाधारण सभेचेच.

महाराष्ट्रातील आदर्श उपविधींनी या वर्गणीची व्यवस्था लावून दिली आहे. बांधकामखर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के रक्कम दुरुस्ती निधीसाठी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडासाठी घ्यावयाची. सदनिकेचा बांधकामखर्च २० लाख रुपये धरला, तर या रकमा वर्षाला अनुक्रमे १५ हजार व ५ हजार होतात. लिफ्टचा खर्च सर्वांना सारखा. शिवाय १५ ते ३० वर्षांच्या इमारतीची पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक तपासणी करावयाची.

परंतु सभेत "वर्गणी वाढवू नका" असा सूर निघतो आणि सगळे माना डोलावतात. इमारत मात्र सभेचा ठराव जाणत नाही. पावसाचे पाणी भेगेतून आत शिरते, लोखंडी सळई गंजते, गंजून फुगते आणि काँक्रीटचे पोपडे सुटतात. मग हजारांत भागणारे काम लाखांवर जाते, आणि ती रक्कम एकदम भरावी लागते. त्या वेळी सर्वाधिक कोंडी होते ती वर्गणीवाढीला विरोध करणाऱ्या निवृत्तिवेतनधारकाचीच.

म्हणून कारभारी अवश्य नेमावा. पण वार्षिक सभेस जावे, ताळेबंद वाचावा आणि दोन्ही निधींत शिल्लक किती, हे उभे राहून विचारावे. जिना आपलाच आहे.