आईचे लुगडे, देवीचा खण आणि शरदातील ठिगळकाम

वर्षा ऋतूचे ढग ओसरले, आकाश निरभ्र झाले आणि नदीचे गढूळ पाणी निवळू लागले, की घटस्थापनेपूर्वीची घरोघरची धुलाई सुरू होते. अंथरुणे-पांघरुणे घाटावर जातात, ट्रंका उन्हात उघड्या पडतात आणि त्यांच्या तळाशी वर्षानुवर्षे पडून राहिलेली वस्त्रे वर येतात. आईचे विरलेले इरकली लुगडे असते, सासूबाईंचे सुती पातळ असते, आणि देवीच्या ओटीतून प्रसाद म्हणून परत आलेले पाच-पंचवीस खण असतात. नेसावे तर वस्त्र टिकत नाही, टाकावे तर मन धजत नाही. या वस्त्रांचे करावे काय, हा प्रश्न कीर्तन संपल्यावर माउली आम्हांस दरवर्षी विचारतात.

पूर्वी त्याचे उत्तर घरातच होते. गोधडी शिवली जाई. आता गोधड्या शिवण्याइतकी ऐसपैस ओसरी कोणाकडे उरली आहे? परंतु हातातली सुई काही सुटलेली नाही. चौरंगावरचे आच्छादन, पोथीचे बासन, किंवा जेवणाच्या टेबलावर मधोमध अंथरावयाची लांबट पट्टी, जिला दुकानात टेबल रनर म्हणतात, अशा लहान वस्तू अनेक गृहिणी हौसेने शिवू लागल्या आहेत. त्यातही ऋतूचे रंग योजण्याकडे त्यांचा कल दिसतो. उत्तर अमेरिकेत शरद म्हणजे पानगळ. तेथील जुन्या ठिगळकामात चौकोन व त्रिकोण जोडून मेपलचे पान साधण्याची रीत प्रसिद्ध आहे. आपला शरद मात्र गळतीचा नव्हे, भरतीचा आहे. पिकू लागलेली भातशेती, झेंडूचा केशरी-पिवळा रंग, आपट्याची जोडपाने आणि कोजागरीचे दुधाळ चांदणे, एवढे रंग दारात असता मेपलचे पान उसने आणण्याचे आम्हांस प्रयोजन दिसत नाही.

आता मुख्य शंका. जीर्ण वस्त्र फाडून, ठिगळे जोडून केलेले आच्छादन देवाच्या चौरंगावर चालते काय? काही घरांतून वडीलधारी मंडळी याला साफ नकार देतात आणि हौसेने शिवलेली वस्तू पुन्हा ट्रंकेत जाते. धर्मशास्त्रात फाटके, जळके व शिवलेले वस्त्र कर्मसमयी वर्ज्य सांगितले आहे, हे खरे. म्हणूनच सोवळ्यात धोतर नेसतात, सदरा घालीत नाहीत. शास्त्रात ‘अहत’ हा शब्द येतो. त्याचा अर्थ नवे, कोणी न वापरलेले, दशा असलेले वस्त्र. परंतु हे सारे विवेचन कर्त्याने नेसावयाच्या आणि देवतेला अर्पावयाच्या वस्त्राविषयी आहे. आच्छादन हे आसनाखालचे अंथरूण. त्यावर नवे अखंड वस्त्र घालून कलश मांडला, तर त्याला हरकत घेण्याचे कारण आम्हांस तरी सापडत नाही. ज्यांच्या कुळाचारात निराळे असेल त्यांनी ते जरूर पाळावे, पण शास्त्राचे नाव पुढे करून सुनेचा हिरमोड करू नये.

शिवाय ठिगळांच्या वस्त्राला हीन लेखण्याची परंपरा आपली नव्हेच. संस्कृतात त्याला कंथा म्हणतात. (पाणिनीच्या सूत्रांतही कंथा शब्द येतो, पण तो उशीनर देशातील गावांच्या नावांत. त्याचा गोधडीशी संबंध जोडू नये.) भर्तृहरीच्या वैराग्यशतकातील विरक्ताच्या अंगावर शंभर चिंध्यांची कंथा आहे. विनयपिटकातील महावग्गात तर एक रमणीय हकीकत आहे. मगधातील बांधांनी आखलेली भातशेते पाहून भगवान बुद्धांनी आनंदाला भिक्षूंची चीवरे तशी करता येतील काय असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून त्या शेतांसारखे चीवर सिद्ध केले. शरदातील शेते उंचावरून पाहिली म्हणजे या कथेचे मर्म डोळ्यांना कळते.

आईच्या लुगड्याला कात्री लावताना अनेकींचा हात थरथरतो. आम्ही त्यांना इतकेच सांगतो, की पदर अखंड ठेवावा आणि विरलेल्या अंगापासून कापीत यावे. इरकलीचा तो लाल पदर बासनाला उत्तम शोभतो. हल्ली ‘बासनात गुंडाळणे’ म्हणजे एखादे काम कायमचे बाजूला सारणे. वास्तविक बासन हे पोथी जपण्यासाठी असते आणि ती नित्य सोडण्यासाठीच बांधलेली असते! दसऱ्याला सरस्वतीपूजनात पोथी मांडताना ते आजीच्या पदराचे असेल, तर नातवंडांनाही पोथी कोणाची हे सांगावे लागणार नाही.

ओटीच्या खणाविषयी आमचे मत थोडे कडक आहे. खण पूर्वी चोळीला लागत. आता ते शिवणाऱ्या थोड्या, आणि ओटी भरणाऱ्या पुष्कळ. मग कोणी निर्माल्य म्हणून ते नदीत सोडतात. हे सर्वथा अयोग्य होय. फूल लवकर निर्माल्य होते. वस्त्राची, त्याहून रत्नसुवर्णाची मुदत शास्त्रकारांनी कितीतरी अधिक मानली आहे. आमच्या क्षेत्री घाटाच्या पायऱ्यांना चिखलात रुतून गुंडाळलेली वस्त्रे आम्ही प्रत्यही पाहतो. त्यात पाय अडकून स्नान करणारे वृद्ध पडतात. त्यापेक्षा खणाचे चौकोन करून चौरंगाचे आच्छादन किंवा देव्हाऱ्याचा पडदा शिवावा. मात्र जेवणाच्या टेबलावर, जेथे आमटी सांडते आणि उष्टा हात लागतो, तेथे प्रसादाचा खण घालू नये. जे मस्तकाला लावून घेतले त्यावर ताट कसे ठेवावे? आईच्या लुगड्याची गोष्ट वेगळी. ते टेबलावर खुशाल घालावे. तिच्या मांडीवर आपण जेवलोच आहोत.

शिवण्याविषयी जाणत्या गृहिणींकडून जे ऐकले ते सांगतो. जुने कापड प्रथम खळ निघेपर्यंत धुवावे. लाल व निळ्या तुकड्यांवर ओले पांढरे फडके दाबून पाहावे, रंग उतरला तर तो तुकडा वगळावा. तुकडे उभ्या-आडव्या धाग्याला धरून कापावेत. तिरके कापले तर पट्टी एका अंगाला ओढली जाते, आणि मग कितीही इस्त्री केली तरी सरळ होत नाही. टेबलाच्या रुंदीच्या सुमारे एकतृतीयांश पट्टी पुरते, आणि दोन्ही टोकांना वीतभर लोंबली म्हणजे शोभते. खाली अस्तर, मध्ये जुन्या धोतराचा एक थर, वर ठिगळे, असे तीन पदर आधी कच्च्या टाक्याने जोडून घ्यावेत. मग गोधडीप्रमाणे कडेपासून आत आत येत धावदोरा घालावा. आपट्याचे पान साधणे सोपे आहे. हिरवे कापड दुमडून एक पाळी कापली, की उलगडताच दोन मिळतात. कडा आत मुडपून पान वरून शिवावे आणि मधली शीर पिवळ्या दोऱ्याने काढावी.

नवरात्रात सुई-कात्री न चालविण्याचा ज्यांच्या घरी कुळाचार आहे, त्यांनी तुकडे आधी कापून ठेवावेत आणि विजयादशमीच्या मुहूर्तावर पहिला टाका घालावा. रोज तासभर बसले तर दिवाळीच्या फराळापर्यंत पट्टी तयार होते. चौरंगाचे आच्छादन त्याहून लहान असते. ते कोजागरीच्या पूजेलाही मांडता येईल.