सांग, हेळु, चेप्पु

बासर म्हटलं की सगळ्यांना पाटी आठवते. गोदावरीकाठच्या ज्ञानसरस्वतीच्या देवळात लेकराच्या हातून पहिलं अक्षर गिरवून घ्यायचं आणि मग त्याला शाळेत घालायचं, ही रीत तेलंगणात आहे तशी नांदेड-बिदरकडच्या कितीतरी घरांतही आहे. वसंत पंचमीला तर देवळाबाहेर पाटी-पेन्सिल घेतलेल्या आईबापांची रांग हलता हलत नाही. पण आमच्यासारखी जी घरं बासरलाच राहतात, तिथे मुलांचं शिक्षण पाटीच्या कितीतरी आधी सुरू झालेलं असतं. अंगणातलं कुत्रं, ओट्याखाली झोपणारी मांजर, शेजारची शेळी, हे त्यांचे पहिले मास्तर. त्या शाळेतल्या एका धड्याविषयी आज लिहायचं आहे. तो धडा मुलांइतकाच आपल्यासाठीही आहे.

आधी आमच्या घराची ओळख करून देते. माझं माहेर भालकी तालुक्यातलं, बोलणं कन्नड. सासर धर्माबादचं, बोलणं मराठी. आणि संसार बासरला, जिथे गल्ली तेलुगू बोलते. आमचं लग्न झालं तेव्हा बासर आदिलाबाद जिल्ह्यात होतं. 11 ऑक्टोबर 2016 पासून ते निर्मल जिल्ह्यात गेलं. कागदावरचा जिल्हा बदलला, पण घरातला भाषांचा काला तसाच राहिला. मुलांना एक आजी आहे धर्माबादला आणि एक अज्जी आहे भालकीला. फोन वाजला की धाकटा विचारतो, "आजी की अज्जी?" आणि उत्तरावरून तोंडात कुठली भाषा घ्यायची ते ठरवतो.

या काल्यात तीन वर्षांपूर्वी करिया आला. स्टेशनच्या बाजूला आई हरवलेलं काळंभोर पिल्लू होतं, थोरलीने ओढणीत गुंडाळून आणलं. नाव माझ्या माहेरच्या भाषेत पडलं. करिया म्हणजे काळू. आमचे हे त्याला "ये" म्हणतात, मी "बा" म्हणते, शेजारच्या काकू "रा" म्हणतात, आणि तो तिन्ही हाकांना येतो. "ऊट" म्हटलं तरी शेपूट हलते आणि "जेवण" म्हटलं तरी हलते. धाकट्याचं म्हणणं असं की करियाला तीन भाषा येतात आणि त्याला शाळेत जावं लागत नाही, म्हणजे तोच खरा हुशार!

घरात जनावर असणं आपल्या भागाला नवं नाही. माझ्या माहेरच्या गोठ्यात देवणी गाय होती. लातूरच्या देवणीचं नाव मिरवणारी ही जात बिदरकडेही घरोघर. आमच्याकडे ज्येष्ठी पौर्णिमेला कारहुणवी असते, तेव्हा बैल रंगवतात. सासरी श्रावणी अमावस्येला पोळा. आणि बासरला त्याच दिवशी पोलाल अमावस्या. त्यामुळे माझ्या मुलांना वर्षातून दोनदा मातीचे बैल करायला मिळतात. गोठ्यातल्या जनावराजवळ कसं जायचं, मागून जायचं नाही, वासराला पाजणाऱ्या गाईला छेडायचं नाही, हे आम्हाला कुणी बसवून शिकवलं नाही. मोठ्यांच्या मागे फिरताना ते अंगवळणी पडलं. आता गोठे गेले, घरं लहान झाली, पण मुलांची जनावरांची ओढ काही गेली नाही.

मध्यंतरी धाकट्याने हट्ट धरला, की मुधोळ पाहिजे. मुधोळ हाउंड हा आपल्या सीमाभागाचाच अभिमान. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळच्या घोरपडे संस्थानिकांनी ही शिकारी जात नावारूपाला आणली. 2005 साली टपाल खात्याने तिच्यावर तिकीट काढलं. आमच्या बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुधोळजवळ तिम्मापूरला या कुत्र्यांसाठी खास केंद्र आहे. हे सगळं मी त्याला सांगितलं, आणि हेही सांगितलं की हे कुत्रं वाऱ्यासारखं पळणारं, त्याला शिवार लागतं. आपल्या दहा पावलांच्या अंगणात ते कोंडून घालणं म्हणजे नदीला घागरीत भरणं. मग त्याने करियाच्या गळ्यात हात टाकला आणि म्हणाला, "आपला करियाच मुधोळ." प्रश्न मिटला.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला घेतलं, तिच्याकडे येते.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीत एक प्रसंग घडला. एका घरातल्या आठ वर्षांच्या मुलाला गल्लीतलं पिल्लू खेळता खेळता पोटरीला चावलं. दात लागला, थोडं रक्त आलं. पोराने नळावर पाय धुतला, पायमोजा वर ओढला आणि दोन दिवस कुणाला काही बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आंघोळ घालताना त्याच्या आजीला ती खूण दिसली. आजीने आरडाओरडा केला नाही. त्याला मांडीवर घेऊन विचारलं, "का रे बाबा, सांगितलं का नाहीस?" तो रडत म्हणाला, "सांगितलं असतं तर तुम्ही पिल्लाला मारलं असतं. नाहीतर पोत्यात घालून नदीपलीकडे सोडलं असतं."

त्याच दिवशी त्याला दवाखान्यात नेलं, इंजेक्शनं सुरू झाली, मुलगा ठणठणीत आहे. पण त्याचं ते वाक्य माझ्या मनातून जात नाही. आपल्याला वाटतं मुलं मार बसेल म्हणून लपवतात. तेही खरंच. पण कित्येकदा ती त्या मुक्या जिवासाठी गप्प बसतात. आपल्या एका शब्दाने मित्राचं घर जाईल, या भीतीने. केवढा मोठा विचार तो! आणि केवढा धोक्याचा.

धोक्याचा अशासाठी की रेबीज, म्हणजे पिसाळलेल्या जनावराच्या लाळेतून येणारा आजार, थांबायला वेळ देत नाही. एकदा त्याची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. लक्षणांच्या आधी मात्र तो पूर्णपणे टाळता येतो. माणसाला होणाऱ्या रेबीजपैकी 99 टक्के प्रसंगांत कारण असतं कुत्रं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की संशयित पिसाळलेल्या जनावरांनी चावलेल्यांत सुमारे 40 टक्के मुलं 15 वर्षांखालची असतात. कारण उघड आहे. मुलांची उंची कमी, कुत्र्याच्या तोंडापाशी त्यांचं तोंड येतं. ती मिठ्या मारतात, जेवत्या कुत्र्याची ताटली ओढतात, पिल्लं बघायला पोत्याखाली हात घालतात. आणि वर सांगत नाहीत.

म्हणून आमच्या घरात एक कायदा आहे. भिंतीवर थोरलीने खडूने लिहिलाय: "चावलं, ओरखडलं, जखमेवर चाटलं, तर सांग, हेळु, चेप्पु." तीन भाषांत एकच शब्द, कारण घाबरलेल्या पोराच्या तोंडी कुठली भाषा येईल सांगता येत नाही. कायद्याची दुसरी ओळ मोठ्यांसाठी आहे: "सांगणाऱ्याला रागवायचं नाही. आणि त्याच्यासमोर जनावराला मारायचं नाही." ही दुसरी ओळ पाळली नाही, तर पहिली ओळ कुणी पाळणार नाही.

मूल सांगून मोकळं झालं की पुढचं काम आपलं. जखम वाहत्या पाण्याखाली धरायची आणि साबणाने पूर्ण 15 मिनिटं धुवायची. घड्याळ लावून. पंधरा मिनिटं फार वाटतात, पण या साध्या साबणाने लाळेतले बरेचसे विषाणू तिथेच जातात. मग जखम न बांधता, तिच्यावर काही न चोपडता, सरळ दवाखाना. सरकारी दवाखान्यात ही लस मोफत दिली जाते. नुसता ओरखडा असला, रक्त आलं नसलं, तरी लस घ्यावीच लागते. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत आणि जखमेभोवती आणखी एक औषध टोचतात, त्याला इम्युनोग्लोब्युलिन म्हणतात. ते लगेच काम सुरू करतं, लसीला अंगात ताकद तयार करायला थोडे दिवस लागतात. धड कातडीवर कुत्र्याने नुसतं चाटलं असेल तर धुणं पुरतं.

"काही चोपडायचं नाही" हे मुद्दाम सांगते. आपण हळदीच्या मुलखातली माणसं. निजामाबादची हळद, धर्माबादची मिरची, दोन्ही बाजारपेठा आमच्या दोन हातांवर. चावल्याजागी हळद दाबा, मिरचीपूड भरा, चुना लावा, असं सांगणारं कुणीतरी प्रत्येक घरात निघतं. सासूबाईंना मी म्हटलं, "आई, हळद देवीला वाहू, भाजीत घालू, पण इथे साबणच." त्यांनी ते लगेच मानलं, आणि आता गल्लीतल्या बायांना त्याच सांगतात. सासूबाईंनी सांगितलेलं जितकं ऐकतात तितकं माझं ऐकत नाहीत, हे काय वेगळं सांगायला हवं!

मोठ्या माणसांच्या मनात आणखी एक भीती घर करून बसलेली असते, पोटातल्या चौदा इंजेक्शनांची. ती भीती खोटी नव्हती. लुई पाश्चर यांनी 1885 साली फ्रान्समध्ये जोसेफ मेस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या, कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस टोचली, आणि तो वाचला. पुढे आपल्याकडे कसौलीला तयार झालेली लस कित्येक दशकं पोटात टोचत, दिवसाला एक. अनेकांनी ती सोसली, अनेकजण घाबरून अर्ध्यावर पळाले. ती जुनी लस आपल्या देशात 2004 च्या शेवटी बंद झाली. आता नवी लस दंडावर देतात. पहिल्या दिवशी, मग 3ऱ्या, 7व्या आणि 28व्या दिवशी. स्नायूत देत असतील तर 14व्या दिवशीही. शेवटचा दिवस चुकवू नये, बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही. चावणारं कुत्रं ओळखीचं असेल तर त्याच्यावर 10 दिवस लक्ष ठेवायचं आणि ते कसं आहे हे डॉक्टरांना सांगायचं. पण दहा दिवस बघू आणि मग लस घेऊ, असं करायचं नाही. लस आधी, लक्ष नंतर.

करियाची पाटीही आम्ही भरली आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग डॉक्टर सांगतील तशी पुढची मात्रा आणि दरवर्षी एकदा. त्याचं कार्ड मुलांच्या प्रगतिपुस्तकाशेजारी ठेवलेलं असतं आणि तारीख लक्षात ठेवायचं काम थोरलीचं. धाकट्याचं काम पाण्याच्या भांड्याचं, रोज सकाळी घासून भरायचं. दोघांनी करियाला हात लावला की जेवणाआधी साबणाने हात धुवायचे. जंताचं औषध त्यालाही, मुलांनाही, आपापल्या डॉक्टरांकडून. या कामांत कुरकुर होते, भांडणं होतात, "आज तुझी पाळी" चालतं. पण ज्याला आपल्यावाचून पाणी मिळणार नाही असा एक जीव घरात असला की मुलांना आपोआप जबाबदारी कळते.

बासरला माकडंही आहेत. देवळाच्या वाटेवर नारळ-केळ्याची पिशवी दिसली की झडप घालतात. माकडांचा त्रास आमच्या जिल्ह्यात इतका, की 2020 साली निर्मलजवळ चिंचोलीला त्यांच्यासाठी खास केंद्र काढावं लागलं. अक्षराभ्यासाला लेकरू घेऊन येणाऱ्यांनी खाण्याची पिशवी मुलाच्या हाती देऊ नये. माकडाने ओरबाडलं तरी नियम तोच: साबण, पाणी, दवाखाना.

या कायद्याची परीक्षा याच उन्हाळ्यात झाली. धाकटा धावत आला, मनगट पुढे केलं आणि एका दमात म्हणाला, "आई, शेळीवाल्यांच्या पिल्लाने ओरखडलं, मीच त्याची भाकरी ओढली, त्याला काही म्हणू नकोस." मी काही म्हटलं नाही. नळ सोडला, घड्याळ लावलं. पंधरा मिनिटांत त्याने मला त्या पिल्लाचे रंग, कान, शेपूट सगळं वर्णन करून सांगितलं. मग आम्ही दवाखान्यात गेलो. शेळीवाल्यांनाही सांगितलं, पण भांडायला नाही. आता त्यांनी पिल्लाला लस टोचून आणली आहे.

दरवर्षी 28 सप्टेंबरला, पाश्चर यांच्या स्मृतिदिनी, जागतिक रेबीज दिवस असतो. त्या दिवसाची वाट बघू नका. या रविवारी आपल्या कुत्र्या-मांजराचं कार्ड काढून तारीख बघा. आणि संध्याकाळी मुलांना जवळ घेऊन, आपल्या घरात जी भाषा बोलली जाते तिच्यात, एवढंच सांगा: काहीही झालं तरी आम्हाला येऊन सांग, आम्ही तुला रागवणार नाही आणि तुझ्या मित्रालाही हाकलणार नाही.