पहिली आज्ञावली : पानिपतचा माग आणि कापरेकरांचे अंक

अभियांत्रिकी किंवा संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्यास वर्गाबाहेर जे पहिले व्यासपीठ लाभते, ते बहुधा महाविद्यालयाच्या कोडिंग क्लबचे असते. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये क्लबच्या पहिल्या बैठकीस सभागृह भरून जाते आणि दिवाळीनंतर मोजकी मंडळी उरतात, हा अनुभव लहान शहरांतील महाविद्यालयांना नवा नाही. गळतीचे खापर सहसा विद्यार्थ्यांच्या चिकाटीवर फोडले जाते. वस्तुतः दोष पुष्कळदा प्रश्नांच्या निवडीत असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धांतील कूटप्रश्न पहिल्याच आठवड्यात समोर ठेवले, तर ज्याने शाळेत संगणक पाहिला पण हाताळला नाही, असा विद्यार्थी मुकाट्याने मागच्या दाराने निघून जातो. नोकरीसाठीच्या निवड परीक्षांत आज्ञावली लिहिण्याची कसोटी आता सर्वत्र घेतली जाते. त्यामुळे ही गळती केवळ एका छंदातील गळती राहत नाही.

राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडणारे, दिल्लीपासून सुमारे ९० किलोमीटरवरील पानिपत हे या दृष्टीने विचारात घेण्याजोगे शहर आहे. मराठी वाचकाच्या मनात हे नाव १४ जानेवारी १७६१ या तारखेशी कायमचे जोडले गेले आहे. परीक्षेत दाणादाण उडाली की ‘पानिपत झाले’ असे आपण आजही म्हणतो. आजचे पानिपत मात्र विणकरांचे शहर म्हणून ओळखले जाते. फाळणीनंतर पश्चिम पंजाबातून आलेल्या कुटुंबांनी येथील हातमाग व्यवसायास नवे बळ दिले. सतरंज्या, खेस, पडदे, चादरी आणि जगभरातून येणाऱ्या जुन्या लोकरी कपड्यांपासून पुन्हा काढलेल्या सुताची ब्लँकेटे, असा या शहराचा पसारा आहे. परिसरात कुरुक्षेत्र विद्यापीठाशी संलग्न अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत. २२ जानेवारी २०१५ रोजी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजनेचा प्रारंभ याच शहरातून झाला, हे स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांस ठाऊक असेलच.

मागापासून संगणकापर्यंत

विणकाम आणि आज्ञावली यांचे नाते कल्पनेतले नाही. फ्रान्समधील लिऑन शहरात जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास जो माग सिद्ध केला, त्यात नक्षी छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांवर उतरवलेली असे. जेथे छिद्र असेल तेथे उभा धागा उचलला जाई, नसेल तेथे तो खालीच राही. पट्ट्यांची माळ बदलली की तोच माग वेगळी नक्षी विणू लागे. यंत्र तेच, सूचना मात्र निराळ्या, हे आज्ञावलीचे मूलतत्त्व येथे प्रथम मोठ्या प्रमाणावर वापरात आले. पानिपतच्या बेडशीटवरील आणि आपल्या सोलापुरी चादरीवरील नक्षी याच मागाची देणगी होय. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेत हर्मन हॉलरिथ यांनी छिद्रांकित कार्डांवर लोकसंख्येची माहिती मोजली आणि पुढे हीच पद्धत संगणकापर्यंत पोहोचली. कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९६३ मध्ये आयबीएम १६२० हा संगणक आला, तेव्हा तेथील विद्यार्थीही आपल्या आज्ञा कार्डांवर छिद्रे पाडूनच यंत्राच्या स्वाधीन करीत. एखादे चिन्ह चुकले तर ते कळण्यास वाट पाहावी लागे. साहजिकच कार्ड देण्यापूर्वी प्रत्येक ओळ कागदावर चालवून पाहण्याची शिस्त त्या पिढीच्या अंगी बाणली.

म्हणून पानिपतसारख्या ठिकाणी नवागतांसाठी पहिला प्रश्न विणकामाचा असावा, असे सुचवावेसे वाटते. साध्या विणीत आडवा धागा एका उभ्या धाग्यावरून जातो आणि पुढच्याखालून. ओळीचा क्रमांक आणि स्तंभाचा क्रमांक यांची बेरीज सम असेल तर काळा चौकोन, विषम असेल तर पांढरा, एवढा नियम सांगितला की ही वीण पडद्यावर उमटते. तिरकी रेघ असणाऱ्या ट्विल विणीसाठी त्याच बेरजेला ४ ने भागावे. बाकी ० किंवा १ उरली तर काळा चौकोन काढावा, अन्यथा पांढरा. ओळी आणि स्तंभ शून्यापासून मोजल्यास उत्तर असे दिसते :

■■□□■■□□
■□□■■□□■
□□■■□□■■
□■■□□■■□

या चार ओळींत पुष्कळ काही सामावले आहे. एका आवर्तनाच्या पोटात दुसरे आवर्तन कसे चालते, बाकी काढण्याच्या क्रियेचा उपयोग काय, मोजणी शून्यापासून का करतात, हे सारे येथे कळते. शिवाय उत्तर चुकले तर ते डोळ्यांना लगेच दिसते. ज्याच्या घरी माग आहे, त्याला तर नक्षी कोठे बिघडली हे शिक्षकाच्याही आधी समजेल. आपल्या घरातील ज्ञानाला या नव्या विद्येत किंमत आहे, ही जाणीव पहिल्या आठवड्यात होणे फार मोलाचे ठरते.

देवळालीच्या शिक्षकाची देणगी

दुसऱ्या टप्प्यासाठी प्रश्नांची खाण महाराष्ट्रातच आहे. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५-१९८६) हे नाशिकजवळील देवळाली येथे शालेय शिक्षक होते. डहाणू येथे जन्मलेल्या आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या कापरेकरांपाशी संशोधकाची पदवी नव्हती आणि संगणकही नव्हता. अंकांचा नाद मात्र विलक्षण होता. देशातील विद्वानांनी त्यांची फारशी दखल घेतली नाही. मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकात त्यांच्या कामाविषयी लिहिले आणि जगाचे लक्ष देवळालीकडे वळले. त्यांनी कागदावर केलेली बहुतेक शोधयात्रा आज नवशिक्याच्या आज्ञावलीसाठी तयार करून ठेवल्यासारखी भासते.

१९४९ मध्ये त्यांना आढळलेला ६१७४ हा स्थिरांक सर्वाधिक प्रसिद्ध आहे. चार अंकी कोणतीही संख्या घ्यावी. चारही अंक सारखे मात्र नसावेत. अंक उतरत्या क्रमाने मांडून होणाऱ्या संख्येतून चढत्या क्रमाने होणारी संख्या वजा करावी. उत्तरावर तीच क्रिया पुन्हा करीत जावे. उदाहरणादाखल १७६१ ही संख्याच घेऊ. ७६११ वजा ११६७ म्हणजे ६४४४. पुढे ६४४४ वजा ४४४६ म्हणजे १९९८. त्यानंतर ९९८१ वजा १८९९ म्हणजे ८०८२. मग ८८२० वजा ०२८८ म्हणजे ८५३२ आणि अखेर ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. येथून पुढे कितीही वेळा क्रिया केली तरी ६१७४ हेच उत्तर येत राहते. १७६१ ला पाच पायऱ्या लागल्या. कोणत्याही संख्येला सातपेक्षा अधिक लागत नाहीत.

हे विधान खरे की खोटे, हे विद्यार्थ्याने पुस्तकावर विसंबून न राहता स्वतः तपासावे, हाच खरा प्रश्न. १००० ते ९९९९ या ९,००० संख्यांतून सारख्या अंकांच्या ९ संख्या वगळल्या की ८,९९१ उरतात. प्रत्येकीस जास्तीत जास्त ७ वजाबाक्या धरल्या तरी एकूण ६३ हजारांच्या आतच काम आटोपते. आजच्या साध्या संगणकास त्यासाठी एक सेकंदही लागत नाही.

तरीही पहिल्या प्रयत्नात अनेकांची आज्ञावली फसते आणि ते फसणेच बोधप्रद असते. १००० ही संख्या पाहा. १००० वजा ०००१ म्हणजे ९९९. माणूस हे ०९९९ असे चार अंकी मनात धरतो आणि ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ असे पुढे जातो. संगणकाच्या लेखी मात्र ९९९ ही तीन अंकी संख्या आहे. तो ९९९ मधून ९९९ वजा करून शून्यावर येऊन थांबतो. डावीकडचे शून्य आपण न सांगता गृहीत धरले होते, यंत्राला ते सांगावे लागते. मनातली गृहीतके कागदावर उतरवणे म्हणजे काय, हे सांगण्यास यापेक्षा चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

हीच क्रिया दोन अंकी संख्यांवर केली तर निराळीच गंमत होते. ०९ पासून ८१, मग ६३, २७, ४५ आणि पुन्हा ०९. हे चक्र कधीच संपत नाही. ‘आधीचे उत्तर पुन्हा येईपर्यंत थांबू नकोस’ अशी आज्ञा तीन व चार अंकी संख्यांसाठी बिनचूक चालते. तीन अंकी संख्या ४९५ वर स्थिरावतात. दोन अंकांवर तीच आज्ञा संगणकास अखंड फिरत ठेवते. आवर्तन केव्हा थांबेल याची खात्री लिहिणाऱ्यानेच द्यावयाची असते. त्यासाठी केवळ शेवटचे उत्तर लक्षात ठेवून भागत नाही, आजवर आलेल्या सर्व उत्तरांची नोंद ठेवावी लागते.

वेगाचा प्रश्न

कापरेकरांनी ‘स्वयंभू’ म्हणविलेल्या संख्यांपाशी विद्यार्थी एका नव्या विषयाच्या उंबरठ्यावर येतो. १५ मध्ये तिचे अंक १ आणि ५ मिळवले की २१ होतात. म्हणजे १५ ही २१ ची जननी. ज्या संख्येला अशी जननीच नाही ती स्वयंभू. १ ते १०० मध्ये १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६ आणि ९७ अशा तेरा स्वयंभू संख्या आहेत.

दहा लाखांपर्यंतच्या स्वयंभू संख्या शोधा असे सांगितले, तर नवशिका प्रत्येक संख्येसाठी तिच्याहून लहान सर्व संख्या तपासू लागतो. अशा तपासण्यांची संख्या सुमारे ५० हजार कोटी होते. सेकंदाला १० कोटी साध्या क्रिया, हा स्पर्धकांचा ढोबळ हिशेब धरला तर ५,००० सेकंद, म्हणजे जवळजवळ दीड तास लागेल. आता दिशा उलटवून पाहू. दहा लाख रकान्यांची एक वही घ्यावी. १ पासून प्रत्येक संख्येत तिचे अंक मिळवावेत आणि येणाऱ्या उत्तराच्या रकान्यात खूण करावी. शेवटी ज्या रकान्यांत खूण नाही, त्या स्वयंभू. केवळ दहा लाख फेऱ्यांत, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम होते. यंत्र तेच, प्रश्नही तोच. बदलला तो विचार. संगणकशास्त्रात ज्याला अल्गोरिदमची कार्यक्षमता म्हणतात, तिचा हा अगदी घरगुती परिचय होय.

कापरेकर संख्यांमध्ये आणखी एक सापळा दडलेला आहे. ४५ चा वर्ग २०२५ आणि २० अधिक २५ म्हणजे पुन्हा ४५. तसेच २९७ चा वर्ग ८८२०९ आणि ८८ अधिक २०९ बरोबर २९७. सी भाषेत पूर्णांकासाठी सामान्यतः ३२ बिटांची जागा मिळते आणि तीत २,१४,७४,८३,६४७ हून मोठी संख्या मावत नाही. त्यामुळे ४६,३४० च्या पुढील संख्येचा वर्ग करताच उत्तर बिघडते, तेही बहुधा कोणतीही सूचना न मिळता. ७७,७७८ ही अस्सल कापरेकर संख्या अशा आज्ञावलीच्या हातून निसटते. पायथन भाषेत ही मर्यादा नाही, परंतु ती का नाही हे समजण्यासाठी एकदा सीमध्ये ठेच लागलेली बरी.

भाषेची अडचण आणि उपलब्ध साधने

हिंदी किंवा मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यास आज्ञावलीपेक्षा तिच्यातील चुका सांगणाऱ्या इंग्रजी संदेशांची अधिक धास्ती वाटते. क्लबने नेहमीच्या दहा-बारा संदेशांचा अर्थ आपल्या भाषेत लिहून भिंतीवर लावला, तरी मोठे काम होते. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने सी, सी प्लस प्लस, पायथन आदी विषयांचे ध्वनिचित्रपाठ मराठी व हिंदीसह अनेक भारतीय भाषांत विनामूल्य उपलब्ध केले आहेत. त्याच संस्थेतील प्रा. अभिराम रानडे यांनी नवशिक्यांसाठी पडद्यावर कासव चालवून आकृत्या काढण्याची सोय करणारे साधन आणि त्यावर आधारित पाठ्यपुस्तक तयार केले आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये माध्यमिकपूर्व टप्प्यावरच कोडिंगचे उपक्रम सुरू करण्याचा उल्लेख आहे. मात्र ज्या विद्यार्थ्यांपर्यंत शाळेत ते पोहोचले नाहीत, त्यांची उणीव भरून काढणे महाविद्यालयांच्याच हाती राहते.

वर सांगितलेला प्रत्येक प्रश्न कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने आज क्षणार्धात सोडवून देतात, तेव्हा हे कष्ट कशासाठी, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु मिळालेले उत्तर १००० या संख्येपाशी अडखळते की नाही, हे ज्याने एकदा स्वतः अडखळून पाहिले आहे त्यालाच तपासण्याचे सुचते. भारताने आंतरराष्ट्रीय संगणक ऑलिंपियाडमध्ये २००२ पासून भाग घेण्यास आरंभ केला. त्यासाठीच्या निवडीची प्राथमिक लेखी परीक्षा दीर्घकाळ संगणकाविना, केवळ कागद-पेन्सिलीने घेतली जात असे. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या आंतरराष्ट्रीय आयसीपीसी स्पर्धेत तिघांच्या चमूला पाच तासांसाठी एकच संगणक मिळतो. दोघांना कागदावरच विचार करणे भाग असते.

क्लबमधील वरिष्ठांनी पहिल्या महिन्यात शक्यतो गुणतालिका लावू नये. जोड्या कराव्यात, एकाने ओळी वाचाव्यात, दुसऱ्याने वहीवर प्रत्येक चलाची किंमत लिहीत जावी, आणि पुढील आठवड्यात भूमिका बदलाव्यात. महिनाअखेरीस पाच अंकी संख्यांवर कापरेकरांची क्रिया करून पाहण्यास सांगावे. ५३९५५ पासून ५९९९४ येतात आणि ५९९९४ पासून पुन्हा ५३९५५. तेथे एकही स्थिरांक नाही, तीन निरनिराळी चक्रे आहेत. त्यांपैकी हे एक. उरलेली दोन विद्यार्थ्यांच्या आज्ञावलीने शोधावयाची.