तासातासाची प्रार्थना

जुईनगरहून हार्बरची लोकल धरून सीएसएमटीला उतरलं, की फोर्टातला नगीनदास मास्टर रोड चालण्याच्या अंतरावर आहे. जुन्या मुंबईकरांची ही मेडोज स्ट्रीट. व्यापारासाठी मुंबईत आलेल्या आर्मेनियन कुटुंबांनी 1796 साली इथे सेंट पीटरचं चर्च उभारलं. आज शहरात आर्मेनियन माणसं जवळपास उरलेली नाहीत. या चर्चमध्ये प्रामुख्याने केरळच्या सीरियन ऑर्थोडॉक्स भाविकांची उपासना होते. माणसं पांगली की नुसत्या भिंती धर्म सांभाळू शकत नाहीत, हे इथे उघड दिसतं. पण हाच समाज शतकानुशतकं विखुरला जाऊनही आपली श्रद्धा बाळगून राहिला. ती त्याने रोजच्या जगण्यात मुरवली होती, म्हणून हे जमलं, असं माझं मत आहे.

परंपरेनुसार 301 साली आर्मेनियाने ख्रिस्ती धर्म हा राजधर्म मानला. 405च्या सुमारास मेस्रोप माश्तोत्स यांनी आर्मेनियन लिपी घडवली आणि बायबल लोकांच्या बोलीत आलं. बाराव्या शतकात नेर्सेस श्नोरहाली या धर्माध्यक्षांनी चोवीस कडव्यांची प्रार्थना रचली, दिवसाच्या प्रत्येक तासासाठी एक. ऑगस्टच्या मध्यावर, मरियेच्या स्वर्गारोहणाच्या सणाला, द्राक्षांनी भरलेली तबकं वेदीजवळ येतात. धर्मगुरू ती आशीर्वादित करतात आणि उपासनेनंतर ती सर्वांना वाटली जातात. जुन्या रिवाजाप्रमाणे तोवर कोणी नवं द्राक्ष तोंडात घालत नसे. नवान्नाची रीत पाळणाऱ्या मराठी घराला यातला भाव वेगळा समजावून सांगायला नको. ‘मदाघ’ हा दानविधी त्याहून बोलका आहे. आधी मीठ आशीर्वादित करायचं, ते जनावराला चारायचं, मग मांस साधं उकडून शेजारीपाजारी आणि गोरगरिबांत वाटायचं.

यावर कोणी म्हणेल, हा तर लोकाचार. खरी श्रद्धा अंतःकरणाची. आक्षेप वजनदार आहे, कारण भाव हरवलेली रीत पोकळच असते. पण मदाघचा प्राण वाटण्यात आहे. ते मांस घरातच संपवलं तर दान उरतच नाही. म्हणजे आतला भाव खरा की खोटा, हे इथे ताटावरच ठरतं. मराठी ख्रिस्ती साहित्यातला पुरावाही हेच सांगतो. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचं मन मात्र पुढे बराच काळ सोवळ्याओवळ्यात अडकलेलं होतं. जात माणसानेच केली हे पटल्यावर त्या कोणाच्याही हातचं खाऊपिऊ लागल्या, हे त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात वाचायला मिळतं. त्यांच्या बाबतीत धर्मांतराचा निर्णायक क्षण अन्नपाण्यापाशी आला.

दुसरा आक्षेप असा, की रोजच्या रीतीच पुरेशा असत्या तर मुंबईतले आर्मेनियन टिकले असते. व्यापार आटला की व्यापारी समाज हलतो, तिथे कोणत्याही रीतीचा इलाज चालत नाही. पण रीती पुढच्या पिढीकडे पोचवायला संस्था लागतात, हे मान्यच करायला हवं. मद्रासमध्ये शमावोन्यान या आर्मेनियन धर्मगुरूंनी 1794 साली ‘अझदारार’ काढलं. आर्मेनियन भाषेतलं ते जगातलं पहिलं नियतकालिक. कोलकात्यात 1724चं चर्च आहे, त्याच्या जोडीला 1821पासून शाळा आहे, आणि तिथे आजही 6 जानेवारीला आर्मेनियन नाताळ साजरा होतो. चर्च, शाळा, छापखाना यांचं मोल मोठं आहे. मात्र घरातल्या सवयीला त्यांचा आधार मिळतो तेवढंच.

सिडकोने वसवलेल्या नवी मुंबईतल्या आमच्या नोडांना हे समजून घेण्याची विशेष गरज आहे. इथलं बहुतेक प्रत्येक कुटुंब कुठून तरी आलेलं, आणि बहुतेकांनी आधी वर्गणी काढून आपापलं प्रार्थनास्थळ बांधायला घेतलं. ते जरूर बांधावं. पण मुलांना जेवणाआधीची प्रार्थना येते का, सणाचं ताट शेजारच्या दारी जातं का, घरी कामाला येणाऱ्या बाईंना आपल्याच पेल्यातून पाणी मिळतं का, यावरच त्या घराचा धर्म पुढच्या पिढीत उतरेल की नाही हे ठरेल.