घडीचा पडदा आणि पिकाचे खरे रूप
विस्तार कार्यातील छायाचित्रे व चित्रफितींसाठी परवडणाऱ्या पार्श्वपडद्याची निवड

द्राक्षाच्या पानाचे छायाचित्र विस्तार कार्यकर्त्याच्या मोबाइलवर येते. पान तळहातावर धरलेले, मागे लाल प्लास्टिकची खुर्ची, वर दुपारचे रणरणते ऊन. पानावर पिवळसर डाग दिसतात. परंतु हा पिवळेपणा पानाचा की उन्हाचा, कडेची लाली रोगाची की खुर्चीची, हे खात्रीने सांगता येत नाही. तरीही सल्ला द्यावा लागतो. निदान चुकले तर फवारणी चुकते, आणि त्या फवारणीचा खर्च व वाया गेलेले दिवस शेतकऱ्याच्या माथी येतात. म्हणूनच छायाचित्राची पार्श्वभूमी हा केवळ सजावटीचा विषय नाही.

बाजारात घडी होणारे पडदे, म्हणजेच बॅकड्रॉप, आता सहज मिळतात. कृषी विज्ञान केंद्र, शेतकरी उत्पादक कंपनी किंवा स्वतः चित्रफिती तयार करणारा प्रगतिशील शेतकरी यांना ते उपयुक्त आहेत. मात्र हे पडदे प्रामुख्याने माणसांच्या छायाचित्रणासाठी बनवलेले असतात. शेतीच्या कामासाठी निवड करताना काही निकष वेगळे लावावे लागतात.

रंग कोणता घ्यावा?

हिरवा पडदा सर्वांत जास्त प्रसिद्ध आहे. संगणकावर हिरवा रंग पुसून त्या जागी दुसरे दृश्य बसवता येते. परंतु आपल्या चित्रात पीकच हिरवे असते. पडद्यासोबत पानेही पुसली जातात आणि निवेदकाच्या हातातील रोप अर्धवट नाहीसे होते. अशी जोडणी करायचीच असेल तर निळा पडदा घ्यावा आणि निवेदकाने निळा सदरा टाळावा.

नित्याच्या कामासाठी मध्यम राखाडी रंग सर्वांत भरवशाचा. कॅमेरा समोरच्या दृश्याचा सरासरी उजेड मध्यम राखाडी धरून मोजमाप करतो. त्यामुळे पांढऱ्या पडद्यापुढे पान काळपट येते आणि काळ्या पडद्यापुढे ते फिकट पडते. राखाडी पडद्यापुढे ही चूक कमी होते. पांढरा पडदा वापरल्यास पानावर बोट टेकवून उजेड किंचित वाढवावा, काळा वापरल्यास किंचित कमी करावा.

दोन बाजूंना दोन रंग असलेला पडदा घेणे किफायतशीर ठरते. एक बाजू राखाडी आणि दुसरी काळी असल्यास रोगनिदानाचे बहुतेक काम भागते. केवडा रोगात द्राक्षाच्या पानावर वरून तेलकट पिवळे डाग आणि खालून पांढरी बुरशी दिसते. पांढऱ्या कापडावर ही बुरशी कडेला हरवते; काळ्यावर ती स्पष्ट उठून दिसते. पांढरी मुळे आणि फिकट रंगाचे कीटक यांनाही हेच लागू आहे. याउलट ऑनलाइन विक्रीसाठी हळद, गूळ किंवा बेदाण्याची छायाचित्रे काढायची असतील तर पांढरी बाजू हवी. अ‍ॅमेझॉनसारख्या संकेतस्थळावर मुख्य छायाचित्राची पार्श्वभूमी निव्वळ पांढरीच असावी लागते.

आकाराचे गणित

एक सर्वसाधारण आकार ५ फूट रुंद व ७ फूट उंच, म्हणजे सुमारे १.५ × २.१ मीटर असतो. तो पुरेल का, हे खरेदीपूर्वीच मोजता येते. निवेदकाची सावली पडद्यावर पडू नये म्हणून तो पडद्याच्या सुमारे दीड मीटर पुढे असावा. कॅमेरा निवेदकापासून २ मीटरवर असेल, तर पडदा कॅमेऱ्यापासून साडेतीन मीटरवर येतो. निवेदकापाशी १ मीटर रुंदीचे दृश्य घेतले तर पडद्यापाशी त्याची रुंदी पावणेदोन मीटर होते. दीड मीटरचा पडदा येथे अपुरा पडतो आणि कडेने भिंत डोकावते.

यासाठी मोठा पडदा घेण्याची गरज नाही. कॅमेरा ४ मीटरवर नेऊन दुप्पट जवळीक देणारे भिंग वापरल्यास तेच दृश्य पडद्यापाशी सुमारे १.४ मीटर भरते आणि तोच पडदा पुरतो. छातीपर्यंतच्या आडव्या चित्रफितीला आणि मोबाइलवर पाहायच्या उभ्या चित्रफितीला हा आकार योग्य आहे. दोन व्यक्तींच्या मुलाखतीला तो अपुरा आहे. कॅमेरा लांब नेल्यावर आवाज क्षीण येतो, म्हणून कॉलरला लावायचा मायक्रोफोन सोबत ठेवावा. केवळ पाने, फळे व कीटक टिपायचे असतील तर दोन-तीन फुटांचा तुकडा पुष्कळ झाला.

कापड, चौकट आणि वारा

कापड चकाकणारे नसावे. फ्लेक्स किंवा रेक्झिनवर उजेडाचा डाग उमटतो. दुकानात कापडामागे मोबाइलचा दिवा धरून पाहावे. उजेड आरपार दिसत असेल तर उघड्यावर मागचे ऊन चित्रात उतरेल. घडीच्या पडद्याच्या कडेला स्प्रिंगच्या पोलादाची पट्टी असते. ती कापड ताणून धरते, त्यामुळे सुरकुत्या कमी पडतात. पिळ दिल्यावर पट्टीची तीन वेढ्यांची गोल घडी होते. ५ × ७ फुटांचा पडदा जेमतेम दोन-सव्वादोन फुटांच्या पिशवीत मावतो आणि दुचाकीवरूनही नेता येतो.

ही घडी घालण्याचा सराव विक्रेत्यासमोरच करावा. दोन्ही कडा मध्यावर धरून हात परस्परविरुद्ध दिशेने पिळावेत आणि एक कड दुसरीखाली सरकवावी. उघडताना पडदा जोराने उसळतो; चेहरा बाजूला ठेवावा आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

शेतात हा पडदा शिडासारखा वारा धरतो. हलका स्टॅण्ड एका झोतात आडवा होतो. खताच्या रिकाम्या गोणीत वाळू भरून ती स्टॅण्डच्या पायावर ठेवावी, किंवा पडदा दोन बांबूंना बांधावा. ओला पडदा घडी करून ठेवू नये. कापडाला बुरशी लागते आणि पट्टी गंजते.

एवढाही खर्च नको असेल तर राखाडी रंगवलेला जाड मांजरपाट आणि पीव्हीसी नळ्यांची सुटी होणारी चौकट यांवर काम भागते. कोरा मांजरपाट मात्र पिवळसर असतो, तो पांढरा समजून वापरू नये.

उजेड सावलीतला हवा

भाताच्या पर्णरंग तक्त्याचे वाचन आपण स्वतःच्या अंगाच्या सावलीत घेतो, कारण थेट उन्हात रंग फसवतो. छायाचित्रालाही हाच नियम लागू आहे. पडदा मोकळ्या सावलीत लावावा आणि भडक रंगाच्या वस्तू दूर ठेवाव्यात. नत्राच्या कमतरतेत जुनी पाने पिवळी पडतात, लोहाच्या कमतरतेत कोवळ्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा होतो. रंगाची ही भाषा चित्रात शुद्ध उतरली पाहिजे.

पडदा कोठे लावू नये?

पार्श्वभूमी स्वच्छ केली म्हणजे सर्व साधले, असे मात्र नाही. प्लांटव्हिलेज या संग्रहातील १४ पिके व २६ रोगांच्या ५४,३०६ छायाचित्रांवर शिकवलेल्या संगणकीय प्रणालीने २०१६ मधील अभ्यासात त्याच संग्रहातील राखून ठेवलेली चित्रे ९९ टक्क्यांहून अधिक अचूकतेने ओळखली. वेगळ्या परिस्थितीत काढलेल्या चित्रांवर मात्र ही अचूकता सुमारे ३१ टक्क्यांवर घसरली. पुढे २०२२ मध्ये एका संशोधकाने याच संग्रहातील प्रत्येक चित्राच्या पार्श्वभूमीतील केवळ आठ बिंदू संगणकाला दिले. पान न पाहताच त्याने ४९ टक्के उत्तरे बरोबर दिली. निव्वळ अंदाजाने तीन टक्केही आली नसती. यंत्र काही अंशी रोगाऐवजी पडदाच शिकले होते.

म्हणून प्रत्येक नमुन्याची किमान दोन छायाचित्रे घ्यावीत: एक शेतात, झाडावर जसे आहे तसे, दुसरे पडद्यापुढे, पानाच्या दोन्ही बाजूंचे आणि शेजारी मोजपट्टी ठेवून. पहिले प्रादुर्भावाचा विस्तार सांगते, दुसरे लक्षण सांगते. प्रात्यक्षिकाची चित्रफीतही शक्यतो शेतातच घ्यावी. छाटणी, बीजप्रक्रिया किंवा आळवणी पाहणाऱ्या शेतकऱ्याला माती, अवजार आणि अंतर दिसायला हवे. ते झाकले तर विश्वासही झाकला जातो.

खरेदीला निघताना इतकेच लक्षात ठेवावे: राखाडी-काळी जोडी, न चकाकणारे कापड, दृश्याच्या मापाचा आकार आणि वाऱ्यात टिकणारा आधार. पडद्याने स्वतः मागे राहून पीक पुढे आणले, तर त्याची किंमत पहिल्याच अचूक निदानात वसूल होईल.